तिघांचा प्रकल्प : गोदाकाठापासून आयसेफपर्यंत

रीजेनरॉन आयसेफ ही शाळकरी मुलांच्या संशोधनाची जगातली सर्वांत मोठी स्पर्धा आहे. १९५० साली अमेरिकेत सुरू झालेली ही स्पर्धा दर मे महिन्यात तिथल्याच एखाद्या शहरात भरते. २०२५ साली ती ओहायो राज्यात कोलंबसला झाली, साठाहून अधिक देशांतली मुलं आली होती आणि सर्वोच्च पारितोषिक होतं एक लाख डॉलरचं. एकूण २२ विभाग असतात. प्रकल्प एकट्याने करता येतो, किंवा दोघांनी-तिघांनी मिळून. तिघांपेक्षा जास्त नाही. गटांसाठी वेगळा विभाग नसतो. म्हणजे तुमच्या तिघांच्या कामाची तुलना एकट्याने केलेल्या कामाशीच होते. परीक्षकांच्या मनात त्यामुळे एक साधा प्रश्न असतो : हे काम एकट्याने झालं नसतं का?

हा लेख नाशिक परिसरातल्या नववी ते बारावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी आहे. उदाहरण म्हणून गोदावरीच्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा प्रकल्प घेतला आहे, कारण त्यात गटकामाच्या जवळजवळ सगळ्या अडचणी एकाच वेळी समोर येतात.

आधी ठरवा, तिघं लागतात का

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात गट बहुतेक वेळा मैत्रीवर ठरतो. एक थर्माकोल कापतो, एक चित्रं रंगवतो आणि ज्याचं पाठांतर चांगलं तो बोलतो. संशोधनाच्या गटाला हा हिशोब चालत नाही. ज्या प्रश्नाला एकाच वेळी तीन ठिकाणी माणूस लागतो, किंवा मोजणारा आणि नमुना आणणारा वेगळा असावा लागतो, तोच गटाचा प्रश्न. बाकीच्यांनी खुशाल एकट्याने करावं, त्यात गुण कमी होत नाहीत.

नाशिकमध्ये असे प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही. निफाड, येवला आणि कळवण इथल्या तीन कांदा चाळींमध्ये एकाच लॉटचा कांदा ठेवून दर आठवड्याला वजनातली घट मोजायची, तर तीन तालुक्यांत तीन मुलं हवीत. दिंडोरीच्या द्राक्षबागेत पहाटे पानं किती तास ओली राहतात हे वेगवेगळ्या उतारांवर एकाच वेळी पाहायचं, तरीही तेच. द्राक्षावरच्या डावणी रोगाची बुरशी घरी बशीत वाढवून पाहण्याचा मोह मात्र टाळा. सूक्ष्मजीव घरी वाढवायला आयसेफच्या नियमांत बंदी आहे आणि असा प्रकल्प तिथेच बाद होतो.

गोदावरीचा प्रश्न असा मांडता येतो : शहरात शिरण्यापूर्वी, शहराच्या मध्यात आणि शहर संपताना पहाटेच्या एकाच घटकेला पाण्यात ऑक्सिजन किती असतो? यातला ‘एकाच घटकेला’ हा भाग सर्वांत महत्त्वाचा. पाण्यातल्या शेवाळामुळे आणि पाणवेलीखालच्या कुजण्यामुळे ऑक्सिजन दिवसभर बदलत राहतो. पहाटे तो सर्वांत कमी असतो, दुपारी ऊन खाऊन वर जातो. शहरात शिरण्यापूर्वीचा, सोमेश्वरचा नमुना सहाला आणि शहर संपतानाचा, दसकचा नमुना शिकवणी आटोपून दहाला घेतला, तर दोन्हींतला फरक नदीचा आहे की घड्याळाचा हे कुणालाच सांगता येणार नाही. एकटा मुलगा सहा वाजता तीन ठिकाणी उभा राहू शकत नाही. इथे तिघं लागतातच.

गट ठरला की तो पक्का. प्रकल्प कुठल्याही पातळीवरच्या स्पर्धेत एकदा उतरला, की सदस्य बदलता येत नाहीत आणि गटाचा प्रकल्प एकट्याच्या नावावर करता येत नाही. शाळेत पाच जणांचा गट करायचा आणि वर जाताना दोघांना वगळायचं, ही पद्धत इथे चालत नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी दोन किंवा तीन नावं लिहा आणि कुणाचं मन दुखेल ते तेव्हाच दुखू द्या.

रस्ता आणि वेळापत्रक

आयसेफला थेट अर्ज करता येत नाही. संलग्न राष्ट्रीय मेळ्यातून निवड व्हावी लागते. भारतात त्यासाठीचा ओळखीचा मार्ग म्हणजे आयरिस राष्ट्रीय मेळा. त्याचा त्या वर्षीचा अर्ज, वयाची अट आणि मुदत आधी वाचा, कारण आयसेफचे नियम पाळूनही आयरिसच्या अर्जात राहिलेली एखादी त्रुटी तुम्हाला घरी बसवू शकते. आयसेफची स्वतःची अट अशी : विद्यार्थी नववी ते बारावीत असावा आणि मेळ्याच्या आधीच्या १ मेला त्याची वीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत.

दुसरी अट काळाची. सादर करायचं काम सलग बारा महिन्यांत बसलं पाहिजे आणि ते आदल्या वर्षाच्या जानेवारीपूर्वीचं नसावं. मोठ्या बहिणीने दोन वर्षांपूर्वी घेतलेले आकडे तुमच्या आलेखात घालता येत नाहीत. तुमचंच जुनं काम पुढे नेत असाल तर त्यासाठी वेगळा फॉर्म ७ आहे आणि परीक्षण फक्त नव्या भागाचं होतं.

नाशिकच्या मुलांना नमुन्यांसाठी एप्रिल-मे सोयीचा. वार्षिक परीक्षा संपलेली असते, नदी कमी पाण्याची असते आणि पहाटे सहाला उजाडलेलं असतं. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुटला की नदीकाठी जायचंच नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं हे सगळं शहर बघतं, पण संशोधनाच्या वहीत तो आकडा चालत नाही. तिथे विसर्ग क्युसेकमध्ये लिहावा लागतो. उन्हाळ्यातही आवर्तन, म्हणजे धरणातून ठरावीक काळाने सोडलं जाणारं पाणी, सुटलं की नदीचा प्रवाह एका रात्रीत बदलतो, म्हणून प्रत्येक नोंदीसोबत ‘आवर्तन चालू’ किंवा ‘बंद’ हे लिहिलंच पाहिजे. २०२७च्या सिंहस्थावर प्रकल्प करायचा विचार अनेकांच्या डोक्यात येईल. विषय मोठा आहे, पण पर्वणीचा काळ ऐन पावसाळ्यात येतो. गर्दीचा परिणाम आणि पुराच्या पाण्याने झालेली सौम्यता वेगळी काढणं शाळकरी गटाच्या आवाक्याबाहेरचं आहे.

कागद आधी, बाटली नंतर

सर्वांत जास्त गट इथेच अडकतात. चूक विज्ञानाची नसते, तारखेची असते. संशोधन आराखड्यावरची सही पहिल्या नमुन्याच्या तारखेच्या आधीची हवी. नंतर घेतलेली सही कितीही खरी असली तरी ती पूर्वपरवानगी ठरत नाही.

फॉर्म १ मार्गदर्शक शिक्षकांचा. फॉर्म १ए गटाचा मिळून एक, त्यात गटप्रमुख आणि बाकीची नावं. त्याच्यासोबत संशोधन आराखडा : प्रश्न, गृहीतक, कृती, धोके, आकड्यांचं विश्लेषण कसं करणार, संदर्भ. फॉर्म १बी मात्र प्रत्येक मुलाचा वेगळा, पालकांच्या सहीसह. तिघांच्या गटाचे तीन १बी. गटप्रमुखाचाच एक जोडून पाठवणं ही नेहमीची चूक.

घातक रसायनं वापरणार असाल तर फॉर्म ३, म्हणजे धोक्यांचं मूल्यमापन, लागतोच. आपल्या उदाहरणात तीव्र गंधकाम्ल, दाहक अल्कली आणि सोडियम अझाइड आहे, म्हणून तो भरायचा आणि देखरेख करणाऱ्या मोठ्या व्यक्तीची सही कामाच्या आधी घ्यायची. काम शाळेबाहेरच्या संशोधन संस्थेच्या किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत झालं तर फॉर्म १सी येतो. त्याची खुबी अशी की तो काम झाल्यानंतर भरला जातो, आणि तो त्या प्रयोगशाळेतल्या व्यक्तीने भरायचा असतो. तुम्ही स्वतः काय केलं आणि त्यांनी काय करून दिलं हे तिथे स्पष्ट होतं. म्हणून तिथल्या सरांना किंवा मॅडमना पहिल्याच भेटीत सांगून ठेवा की शेवटी असा एक कागद भरून लागणार आहे. सुट्ट्या लागल्यावर विभागात कुणी सापडत नाही.

काठावरच्या रहिवाशांना प्रश्न विचारायचे ठरवलंत, अगदी ‘पाण्याला वास येतो का’ एवढंच, तरी तो मानवी सहभागाचा अभ्यास ठरतो. मग शाळेत किमान तिघांची समिती लागते : एक शिक्षक, एक प्रशासनातली व्यक्ती आणि एक वैद्यकीय किंवा मानसिक आरोग्य क्षेत्रातली व्यक्ती. प्रश्नावली तिने आधी मंजूर करायची. पाण्याच्या प्रकल्पाला सर्वेक्षणाचं शेपूट जोडायची हौस शिक्षकांना फार असते. गरज नसेल तर जोडू नका.

पाण्यातले जंतू तपासायचे असतील तर कोलिफॉर्म नावाच्या जंतूंसाठीचे रंग बदलणारे तयार संच वापरता येतात, पण संच बंद राहिला पाहिजे आणि त्याची योग्य विल्हेवाट लावली पाहिजे. झाकण उघडून आतल्या वसाहती मोजायला गेलात की वेगळे, कडक नियम लागू होतात.

प्रयोगशाळेसाठी कॉलेज रोडवरचं आरवायके, गंगापूर रोडवरचं केटीएचएम अशा कॉलेजांच्या रसायनशास्त्र विभागात मुख्याध्यापकांच्या पत्रासह विचारून पाहा. ‘मदत करा’ असं मोघम पत्र नेऊ नका. किती दिवस, कोणत्या वेळी, कोणती उपकरणं आणि कोणती रसायनं तुम्ही स्वतः आणणार, एवढं एका पानावर लिहून नेलंत तर बोलणं पुढे सरकतं.

तीन जागा, एक वेळ

जागा निवडताना आधी नदीकाठाने चालत जा. सोमेश्वरला धबधबा आहे. तिथे पडणारं पाणी हवा ओढून घेतं आणि ऑक्सिजन वाढतो. नमुना धबधब्याच्या खाली घेतलात तर वरच्या नदीचा आकडा फुगवून दाखवाल आणि पुढची घसरण आहे त्यापेक्षा मोठी दिसेल. म्हणून धबधब्याच्या वर, संथ पण वाहत्या पाण्यात. दुसरी जागा रामकुंडात नको, तिथे कुंडाच्या बांधकामाने पाणी अडतं आणि निर्माल्याचा, स्नानाचा परिणाम तासागणिक बदलतो. थोडं खाली, गाडगे महाराज पुलाच्या आसपास बरं. तिसरी दसकला : तोवर तपोवनाजवळ कपिला आणि टाकळीजवळ नासर्डी येऊन मिळालेली असते. बंधाऱ्याच्या लगेच खाली, नाला मिळतो त्या तोंडाशी किंवा पाणवेलीच्या गालिच्यात नमुना घेऊ नका. मोबाइलवर अक्षांश-रेखांश नोंदवा आणि दर वेळी तिथूनच घ्या.

प्रत्येक जागी मुलासोबत एक मोठी व्यक्ती. पाण्यात उतरायचं नाही, घाटाच्या पायरीवरून किंवा पुलावरून दोरीच्या भांड्याने घ्यायचं. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा.

बाटली ३०० मिलीची बीओडी (जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी) बाटली, तिरप्या टोकाच्या काचेच्या बुचाची. भांड्यातून पाणी धबाधबा ओतलं की त्यात हवा मिसळते आणि आकडा वर जातो. भांड्यातली रबरी नळी बाटलीच्या तळाशी टेकवा, पाणी खालून वर भरू द्या आणि बाटली दोन-तीनदा ओसंडून वाहू द्या. बूच लावून बाटली उलटी करून बघा. बुडबुडा दिसला की ओता आणि पुन्हा भरा. नळीची ही सवय घरी बादलीवर आठ-दहा वेळा करून घ्या, घाटावर पहिल्यांदा करू नका.

पाण्याचं तापमान तिथेच मोजा आणि ऑक्सिजन तिथेच ‘बांधा’, म्हणजे रसायनांनी गाळात पकडून ठेवा, कारण बाटलीत बसलेले जंतू रस्त्याने येईपर्यंत तो खात राहतात. २ मिली मँगनीज सल्फेट आणि २ मिली अल्कलाइन आयोडाइड-अझाइड, दोन्ही पिपेटचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली धरून. बूच लावताना थोडं पाणी सांडेल, सांडू द्या, पण मोजे असू द्या. बाटली वर-खाली पंधरा-वीस वेळा फिरवा. तपकिरी गाळ आला तर ऑक्सिजन आहे. गाळ पांढरा राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही, किंवा तुमचं रसायन बिघडलेलं आहे. यातलं कोणतं हे कळायला त्याच रसायनाने नळाच्या पाण्याची एक बाटली करून बघायची, दोन मिनिटांत उलगडा होतो. बुचाभोवतीच्या कडेत पाणी ठेवून बाटल्या काळ्या कापडात गुंडाळा आणि त्याच सकाळी प्रयोगशाळेत पोचवा. गंधकाम्ल स्कूटीवरून नेऊ नका. ते प्रयोगशाळेतच घालायचं.

मोजणारा एक, डोळे सहा

प्रयोगशाळेत हवेशीर जागी, मोठ्यांच्या देखरेखीखाली प्रत्येक बाटलीत २ मिली तीव्र गंधकाम्ल बाटलीच्या मानेवरून सोडा आणि बूच लावून फिरवा. गाळ विरघळून पिवळसर-तपकिरी द्रावण होतं. यातलं २०३ मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने अनुमापन (टायट्रेशन) करायचं. दोनशेऐवजी २०३ का, तर आधीच्या ४ मिली रसायनांनी बाटलीतलं तेवढं नदीचं पाणी बाहेर ढकललेलं असतं. असं केलं की ब्युरेटवरचा १ मिली म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम ऑक्सिजन, गुणाकार लागत नाही.

थायोसल्फेटचं द्रावण लिटरला ६.२०५ ग्रॅम, पण ते टिकत नाही. त्याची ताकद त्या त्या दिवशी पोटॅशियम डायक्रोमेटने तपासून घ्यावी लागते. जे गट एप्रिलमध्ये एकदाच द्रावण करून मेअखेरपर्यंत वापरतात, त्यांच्या आलेखात नदी हळूहळू सुधारताना दिसते. सुधारलेलं काहीच नसतं, द्रावण फिकं पडलेलं असतं आणि जास्त मिली लागत असतात.

स्टार्च सुरुवातीलाच घालू नका. द्रावण गवताच्या काडीसारखं फिकट पिवळं झालं की मग. आधी घातला तर आयोडीन त्याला धरून बसतं आणि शेवट उशिरा येतो. निळा रंग पहिल्यांदा गेला तो शेवट. थोड्या वेळाने निळसर परत येईल, तिकडे बघायचं नाही.

आता गटाचा खरा प्रश्न. ‘रंग गेला’ हे तिघांच्या डोळ्यांना एकाच थेंबाला वाटत नाही. नदीवर जाण्यापूर्वी एक सकाळ फक्त यासाठी ठेवा : बादलीभर एकाच पाण्याच्या नऊ बाटल्या करा, प्रत्येकाने तीन मोजायच्या, दुसऱ्याचे आकडे न बघता. तिघांचे आकडे ०.१ ते ०.२ मिलीच्या आत आले तर छान. एखादा सतत ०.४ने पुढे जात असेल तर त्याच्या फ्लास्कच्या मागे पांढरा कागद धरा, थेंबाचा वेग कमी करा आणि पुन्हा करा. या सकाळचे आकडे फेकू नका. ते फलकावर जाणार आहेत, कारण तुमची मोजणी किती हलते हे त्यातूनच कळतं. नदीतला फरक त्या हलण्यापेक्षा मोठा असेल तरच त्याला फरक म्हणायचं.

नंतर रोजची वाटणी अशी : एकाने बाटल्यांना सांकेतिक क्रमांक द्यायचे आणि कोणता क्रमांक कुठला हे वहीत झाकून ठेवायचं. दुसऱ्याने मोजायचं. तिसऱ्याने आकडा लिहायचा. पुढच्या वेळी भूमिका फिरवा. दसकचं पाणी ‘वाईटच असणार’ हे ठाऊक असलेला हात नकळत ब्युरेट लवकर बंद करतो. हा दोष एकट्याने काम करणाऱ्याला टाळणं फार अवघड असतं. तिघांना तो फुकटात टाळता येतो, आणि परीक्षकांना नेमकी हीच गोष्ट भावते.

सामानाचा अंदाज : तीन जागा, बारा सकाळी, जागेला दोन बाटल्या, म्हणजे ७२ अनुमापनं. बाटल्या सहा आणि तीन जादा, म्हणजे सरावाच्या नऊही होतात. मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड प्रत्येकी २५० मिली पुरतं. थायोसल्फेट बाटलीला जास्तीत जास्त ८ मिलीच्या आसपास लागतं. सराव, तपासणी आणि ब्युरेट धुणं धरून दीड लिटरची तयारी ठेवा, पण एका वेळी थोडं थोडं करा. उरलेलं अझाइड असलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही, प्रयोगशाळेच्या टाकाऊ भांड्यात द्यायचं.

आकड्यांशी प्रामाणिक राहणं

एका जागेच्या दोन बाटल्या म्हणजे दोन नमुने नव्हेत, एकाच पाण्याचं दोनदा मोजणं आहे. त्यांची सरासरी घ्या. तुमच्या हातात प्रत्येक जागेचे बारा आकडे आहेत, चोवीस नाहीत. आणि ते बारा एकाच दिवसाच्या जोड्यांत आहेत : अमुक सकाळी सोमेश्वर वजा दसक. तुलना या जोड्यांची करा. फरक खरा की योगायोगाचा हे तपासायला जोडीची टी-चाचणी किंवा विल्कॉक्सन ही संख्याशास्त्रीय चाचणी वापरा. सगळे आकडे एका ढिगात टाकून केलेली तुलना उष्ण दिवस आणि थंड दिवस यांची खिचडी करते.

दुसरा सापळा उंचीचा. पुस्तकात २५ अंशाला पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो असं असतं. ते समुद्रसपाटीचं आहे. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने हवेचा दाब साधारण सात टक्के कमी आहे, म्हणून इथे मर्यादा ७.७च्या जवळ येते. डिजिटल मीटर वापरत असाल तर त्यात उंची किंवा दाब भरला आहे का बघा. पहाटे ८.५ आला आणि गटाने ‘अतिशय शुद्ध’ असं लिहिलं, तर परीक्षक लगेच विचारतील की अंधारात जास्तीचा ऑक्सिजन आला कुठून. उत्तर बहुधा बुडबुडा हे असतं.

तुलनेसाठी मापदंड हवा असेल तर स्नानाच्या पाण्यासाठीचा निकष घ्या : ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी ३ किंवा कमी, सामू ६.५ ते ८.५. पण फक्त ऑक्सिजन मोजून ‘पाणी स्नानायोग्य आहे’ असा निष्कर्ष काढू नका. तुम्ही जे मोजलं तेवढंच बोला.

नोंदवही एकच, पानांना क्रमांक घातलेली, पेनने लिहिलेली. चुकलं तर एक आडवी रेघ, खोडरबर नाही. प्रत्येक नोंदीपुढे कुणी घेतला, कुणी मोजला, कुणी लिहिला याची आद्याक्षरं. व्हॉट्सॲप ग्रुपवर आकडे टाकून ठेवणं ही नोंद नाही. एकाचा फोन बिघडला की महिना जातो.

गोषवारा आणि फलक

गोषवारा जास्तीत जास्त २५० इंग्रजी शब्दांचा. उद्देश, कृती, आकडे, निष्कर्ष. त्यात आभार नकोत, सरांचं नाव नको, मागच्या बक्षिसांची यादी नको. ‘गोदावरी ही दक्षिण गंगा’ असल्या प्रस्तावनेत चाळीस शब्द खर्च झाले की आकड्यांना जागा राहत नाही. तिघांनी वेगवेगळा मसुदा लिहा आणि मग एक करा. ज्याला कृतीचा परिच्छेद लिहिता येत नाही त्याला कृती समजलेली नाही, हे तेव्हाच कळतं.

फलकावर प्रत्येक छायाचित्राखाली ते कुणी काढलं हे लिहायचं, आलेखाखाली कुणी केला ते. छायाचित्रात घाटावरचा पुजारी किंवा आंघोळ करणारे भाविक ओळखू येत असतील तर त्यांची लेखी संमती लागते. चौकट आधीच अशी धरा की हात आणि बाटली एवढंच दिसेल. गोदावरीचं पाणी भरलेली बाटली मांडणीत ठेवता येत नाही : आयसेफच्या मांडणीत कोणताही द्रव चालत नाही, साधं पाणीसुद्धा नाही. माती, वनस्पती, खाद्यपदार्थ हेही नाही. तपकिरी गाळाचा फोटो न्या.

मुलाखत

शंभर गुणांपैकी संशोधनाच्या प्रश्नाला १०, आराखडा आणि पद्धतीला १५, प्रत्यक्ष कामाला २०, कल्पकतेला २० आणि सादरीकरणाला ३५. त्या ३५ मधले फलकाला १० आणि मुलाखतीला २५. गटाच्या मुलाखतीत सगळ्या सदस्यांचा वाटा आणि सगळ्यांची समज हा निकष नावानिशी लिहिलेला आहे. परीक्षण चालू असताना शिक्षक-पालक दालनात नसतात. इंग्रजी अडलं तर दुभाषा मिळू शकतो, पण सोप्या इंग्रजीत छोटी वाक्यं बोलणं जास्त बरं.

बोलक्या मुलाने सगळं बोलायचं आणि बाकी दोघांनी मान डोलवायची, असं झालं की अनुभवी परीक्षक मान डोलवणाऱ्याकडे वळतात. प्रश्नही त्याच्या वाटणीबाहेरचा असतो : ज्याने नमुने आणले त्याला चाचणीबद्दल, ज्याने आलेख केले त्याला स्टार्चबद्दल. म्हणून सरावात उलट करा. प्रत्येकाने दुसऱ्याचं काम समजावून सांगायचं आणि ज्याचं काम आहे त्याने गप्प बसून चुका टिपायच्या. ‘मला माहीत नाही, पण ते असं तपासता येईल’ हे उत्तर चांगलं आहे. दोघांनी एकमेकांचं म्हणणं परीक्षकांसमोर खोडून काढणं वाईट. मतभेद असेल तर ‘यावर आमच्यात दोन मतं होती, आम्ही अमुक आकड्यावरून ठरवलं’ असं सांगा. ते ऐकून परीक्षक खुर्चीत पुढे सरकतात.

पासपोर्टचं काम राष्ट्रीय निकालाची वाट न बघता सुरू करा, तिघांचंही. त्यावरचं नाव, फॉर्म १एवरचं नाव आणि गोषवाऱ्यावरचं नाव अक्षरशः एकसारखं हवं. एकीकडे वडिलांचं नाव मध्ये आणि दुसरीकडे फक्त आडनाव, असं ठेवू नका. व्हिसासाठी मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात जावं लागतं आणि मुलाखतीची तारीख लवकर मिळेलच असं नाही. फॉर्मच्या सह्या केलेल्या मूळ प्रती एका फाइलमध्ये शिक्षकांकडे आणि स्कॅन तिघांकडे.